चौथा तास

चिठ्ठी कोरी परत आली. म्हणजे माझं अक्षर होतं तिच्यावर, 'चौथा तास, नववी अ, गणिताच्या बाई', पण खाली कोपऱ्यात जी बारीकशी सही असायची ती नव्हती. मामांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, वर पेपरवेट ठेवला आणि दाराकडे वळता वळता म्हणाले, "त्या म्हणाल्या, आज नाही." मामा आमचे शिपाई. वर्षानुवर्षं माझ्या चिठ्ठ्या पोचवतात, पण वाचून कोण काय बोललं, कुणी तोंड वाकडं केलं, कुणी कपाळाला हात लावला, हे कधी सांगत नाहीत. त्या दिवशी सांगितलं. मी गुपचूप दुसरी चिठ्ठी लिहिली, चित्रकलेच्या सरांच्या नावानं. ते कुरकुरले, शेवटी गेले. घंटा झाली, व्हरांडा रिकामा झाला, वर्गावर्गातून पाढे आणि खाकरणं ऐकू यायला लागलं. मी मात्र त्या कोऱ्या कोपऱ्याकडे बघत बसले. अकरा वर्षांत तिनं एकदाही नाही म्हटलं नव्हतं.

आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर एका चिठ्ठीचं एवढं काय, असं वाटेल. मी पर्यवेक्षिका. शाळा भरायच्या आधी कोण आलं नाही ते बघायचं, आणि त्यांचे तास, ज्यांना त्या वेळी मोकळा तास आहे त्यांच्या गळ्यात मारायचे, हे माझं रोजचं पहिलं काम. आधी वहीत लिहायचं, मग कागदाचा चतकोर फाडून चिठ्ठी करायची, ती घेऊन मामा शिक्षकांच्या खोलीत जाणार, सही घेऊन येणार. मोकळ्या तासाला आमच्याकडे ऑफ तास म्हणतात, आणि तो माझ्या हातून सुटला तरच ऑफ. मागे मला चिठ्ठीवाली म्हणतात, मला ठाऊक आहे. म्हणू देत. एक वर्ग दहा मिनिटं उघडा राहिला की खिडकीची काच जाते, नाहीतर कुणाचं तरी डोकं फुटतं, आणि मग पालक येऊन उभे राहतात ते माझ्यापुढे, या विनोदी मंडळींपुढे नाही. आणि चिठ्ठी कुणाला द्यायची याचं काही शास्त्र नसतं. इंग्रजीच्या बाई भांडतात. चित्रकलेचे सर अर्धा दिवस तोंड फुगवून बसतात. विज्ञानाचे सर वर्गात जातात पण दारात उभे राहून फोनवर बोलतात. सकाळच्या घाईत हात आपोआप जातो तो जो नाही म्हणत नाही त्याच्या नावाकडे. माझा हात अकरा वर्षं तिच्या नावाकडे जात होता, आणि मी त्याला विश्वास म्हणत होते.

मधल्या सुट्टीत ती आली, हातात लांब पाकीट. मी आधीच ताडलं होतं. या वर्षी राजीनाम्याची अशी तीन पाकिटं माझ्या टेबलावरून मुख्याध्यापकांकडे गेली होती. बस म्हटलं, तर उभीच राहिली. कुठे चाललीस विचारलं, तर म्हणाली, एका फरशांच्या कंपनीत, ऑफिसात, नऊ ते पाच. पगार जास्त आहे का? नाही, थोडा कमीच आहे. मग डोकं फिरलंय का तुझं, असं मी म्हणाले. एकट्यात मी तिला तूच म्हणते, कारण ती आधी माझी विद्यार्थिनी आहे आणि मग इथली शिक्षिका. घरी कुणी काही बोललं का, सासूबाईंची तब्येत, मुलाची शाळा, मी भराभरा सगळं विचारलं. मला घरातलं कारण हवं होतं. घरातलं कारण असलं की शाळेचा दोष उरत नाही. ती म्हणाली, घरी सगळं ठीक आहे. मग तिनं त्या सहावीतल्या मुलीचं सांगितलं.

सहावी ब मधे एक मुलगी आहे, अपूर्णांक आले की तिचं सगळं बंद पडतं. एक छेद दोन अधिक एक छेद तीन विचारलं की ती दोन छेद पाच लिहिते आणि वर मान करून तुमच्या तोंडाकडे बघते. पन्नास जणांच्या वर्गात तिच्यापाशी थांबणं होत नाही. आठवड्यातले तीन दिवस चौथ्या तासाला सहावी ब चा खेळाचा तास असतो, ती मुलगी पळण्यात कच्ची, खेळाचे सर तिला सोडतात; आणि नेमका तोच हिचा ऑफ तास. तेव्हा हिनं तिला जिन्याच्या मधल्या टप्प्यावर बसवून शिकवायचं ठरवलं, जूनपासून. "बाई, मी बसते, वही उघडते, आणि मामा चिठ्ठी घेऊन येतात. मी तिला म्हणते, आलेच हं. आधी ती थांबायची, घंटा होईपर्यंत. आता मी आलेच म्हटलं की ती दप्तर भरायला लागते." एवढंच ती बोलली. रडली नाही, आवाज चढवला नाही. मला वाटलं होतं तक्रारींची यादी येईल, निवडणुकीची कामं, याद्या, फोनवर भरायची माहिती, रविवारचं प्रशिक्षण; आधीच्या तिघांनी ती यादी मला ऐकवली होती आणि मी मान डोलवून कानाआड केली होती. हिच्याकडे यादी नव्हती. दप्तर भरणारी एक मुलगी होती.

मुख्याध्यापक पाकीट उघडून बघायलाही तयार नव्हते. महिनाभराची मुदत असते, तोवर बघू म्हणाले. तुमची पोरगी आहे, तुम्हीच थोपवा. आणि त्याच हातानं त्यांनी मला संस्थेकडून आलेला एक छापील कागद दिला. शिक्षक नोकरी का सोडतात आणि त्यांना टिकवण्यासाठी कोणते उपाय करावेत, याची माहिती सगळ्या शाळांकडून मागवली होती. कारणांसाठी चौकोन होते, विवाह, प्रकृती, स्थलांतर, अन्य. उपायांसाठी तीन रेघा. भरा सवडीनं, ते म्हणाले. माझी पोरगी, हे मात्र त्यांचं खरं होतं. ती माझ्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि वर्गात तिचं नाव खोडरबर पडलं होतं. उत्तर लिहायची, खोडायची, परत लिहायची, परत खोडायची, कागद फाटेपर्यंत. परीक्षेत तिचा पेपर म्हणजे नुसती भोकं. मीही तेव्हा तरुण होते, सहनशील वगैरे मुळीच नव्हते. एक दिवस चिडून तिचा खोडरबर खिडकीतून फेकून दिला आणि तिला माझ्या ऑफ तासाला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. चुकलं की खोडायचं नाही, एक आडवी रेघ मारायची आणि खाली परत लिहायचं, चूक दिसू दे, ती काय तुला खाणार आहे का, असं म्हटलं. वर्षभर ती येत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायची, पाय जमिनीला टेकत नसत. तेव्हाचे पर्यवेक्षक म्हातारे होते, विसरभोळे. माझ्या नावानं चिठ्ठी लिहायचं त्यांच्या लक्षातच राहत नसे. मी चांगली शिक्षिका होते असं मला इतकी वर्षं वाटत आलं. त्यात त्या म्हाताऱ्याच्या विसरण्याचा वाटा किती होता, हे कुणाला विचारणार. पुढे ती पदवी घेऊन पेढ्यांऐवजी एक नवा खोडरबर घेऊन माझ्या घरी आली, टेबलावर ठेवला आणि म्हणाली, बाई, तुम्ही फेकलात तो हा. मी तुमच्यासारखी शिक्षिका होणार. मी तिला मिठी मारली आणि मीच तिला या शाळेत लावून घेतलं.

त्या संध्याकाळी मी वही घरी नेली. नवरा खिडकीशी बसून शर्टाचं बटण लावत होता. तो शिवणकाम माझ्यापेक्षा नीट करतो आणि ते मला अधूनमधून ऐकवतोही. मी पानं उलटत होते. कुणी गैरहजर, कुणाचा तास, कुणाला दिला. माझं अक्षर, ठसठशीत, गोल, सगळे कौतुक करतात असं. आणि प्रत्येक पानावर तिचं नाव. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. तिच्या मुलाला ताप होता त्या आठवड्यातसुद्धा. चौथा तास, चौथा तास, चौथा तास. मला शोधावंच लागत नव्हतं. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी सांगितलं, सगळंच सांगितलं. त्यानं दोरा दातानं तोडला, शर्ट झटकला, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला की चिठ्ठी पाठवायच्या आधी तू तिला कधी विचारलंस का गं. मी म्हटलं, चिठ्ठी म्हणजे विचारणंच की. त्यानं शर्टाची घडी घातली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं काही मला कधी एवढं झोंबलं नव्हतं. मला लाज वाटली. अशी लाज की कपबशा विसळताना मी नळ मोठा सोडला, म्हणजे आपला आपल्याला आवाज येऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी तिला प्रार्थनेच्या आधी गाठलं. वेळापत्रकाचा मोठा तक्ता माझ्या खोलीत भिंतीवर असतो. त्यातल्या तिच्या ओळीत चौथ्या तासाच्या चौकोनाला मी तिच्यादेखत लाल पेनानं जाड चौकट केली. हा तुझा, म्हटलं. आभाळ कोसळलं तरी मी इथे चिठ्ठी पाठवणार नाही. महिनाभर बघ, नाही जमलं तर जा, मी अडवणार नाही. तिनं त्या लाल चौकटीवरून बोट फिरवलं. मग मुख्याध्यापकांकडून पाकीट परत मागून घेतलं, पर्समधे घातलं, आणि हसली. तिचं हसणं अजून सहावीतलंच आहे, आधी खाली बघते. मला वाटलं, जिंकलं आपण. किती सोपं होतं. खरंच सांगते, त्या तीन आठवड्यांत मी मनातल्या मनात फार खूश होते स्वतःवर. एकदा चौथ्या तासाला मी मुद्दाम खालच्या मजल्यावरून गेले आणि जिन्याखाली उभी राहिले. वरून दोघींची कुजबुज येत होती. कठड्याच्या गजांमधून दोन पाय दिसत होते मोठे आणि दोन लहान, धुळीनं माखलेले बूट. मग ती मुलगी एकदम हसली, काहीतरी सुटलं असणार, आणि ही म्हणाली, बघ, आता खालचा कर. मी तिथून हलले. माझे डोळे भरून आले होते आणि समोरून मामा येत होते.

चौथ्या आठवड्यात तापाची साथ आली. एका सकाळी सहा शिक्षक नाहीत. मी वर्ग जोडले, मुलं हॉलमधे बसवली, ग्रंथालयाच्या बाईंना दोन वर्ग एकत्र दिले, तरी चौथ्या तासाला नववी अ उघडी राहत होती. आणि नववी अ म्हणजे काय हे आमच्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही. माझ्यापुढे तो छापील कागद होता. दुपारी बारापर्यंत पाठवायचाच असा फोन सकाळीच आला होता. मी सवडीनं म्हणता म्हणता शेवटच्या दिवसावर आणला होता. उपायांच्या पहिल्या रेघेवर मी नुकतंच लिहिलं होतं, 'शिक्षकांचे मोकळे तास त्यांना मिळावेत, ते इतर कामांसाठी घेऊ नयेत.' वाक्य मला आवडलं होतं. दुसरं सुचत होतं. मामा दारात उभे होते, वरून नववीच्या बाकांचे आवाज यायला लागले होते. मी स्वतः जाऊ शकले असते. हे मी आता म्हणतेय, तेव्हाही मला कळत होतं. पण कागद पूर्ण करायचा होता, वाक्य डोक्यात होतं, आणि हात सवयीचा. मी चतकोर फाडला, तिचं नाव लिहिलं, खाली लिहिलं 'फक्त आज'. मामांनी चिठ्ठी वाचली. ते कधी वाचत नाहीत. मग गेले.

या वेळी चिठ्ठी सही होऊन आली. तीच बारीक सही, कोपऱ्यात, नेहमीसारखी. मला हुश्श झालं. बघा, समजूतदार आहे, असं मी मामांना म्हणालेसुद्धा. मामा म्हणाले, "जिन्यावर होत्या. वही मिटून लगेच निघाल्या." मी कागद पुरा केला, बाराच्या आत पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर पाकीट होतं, तेच, पर्समधे राहून कोपरा दुमडलेलं. ती समोर उभी होती आणि मी तिच्यावर उखडले. मला तोंड वर करायला जागा नव्हती, म्हणून उखडले. एका दिवसासाठी एवढं, साथ चालू आहे, मी काय करायला हवं होतं, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस, सांग.

ती म्हणाली, "हेच केलं असतं, बाई. तुमचा राग नाहीये मला. दहा वर्षांनी ही वही माझ्याकडेच येईल, आणि मी पण जो नाही म्हणत नाही त्याचंच नाव लिहीन. मला ते व्हायचं नाहीये."

मला ते व्हायचं नाहीये. ते, म्हणजे मी. तिनं लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, तिचा स्वभावच नाही तो, म्हणून जास्त लागलं. मी खुर्चीत बसले. भिंतीवर तक्ता होता, त्यावर लाल चौकट. मी म्हटलं, ठीक आहे. पाकीट उचललं आणि पुढे पाठवलं. उरलेल्या दिवसांत मी तिला एकही चिठ्ठी पाठवली नाही. आता पाठवली असती तरी तिनं सही केलीच असती, आणि तेच मला सोसणार नव्हतं. शेवटच्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ दिलं, जे सगळ्यांना देतो. मुख्याध्यापक बोलले, इंग्रजीच्या बाई रडल्या. निघताना तिनं मला एक कागद दिला. कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, कुणाला शेवटच्या बाकावर बसवायचं नाही, कुणाच्या घरी सध्या काही बोलायचं नाही, सगळं ओळीनं लिहिलेलं. चुकलं होतं तिथे आडवी रेघ आणि खाली परत. आणि सहावीतल्या त्या मुलीबद्दल तोंडी सांगितलं. तिला सांगितलंय मी जाणार म्हणून, पण ती जिन्यावर यायची थांबेल असं वाटत नाही. मग वाकून माझ्या पायाला हात लावायला गेली, मी तिचे खांदे धरले. तिच्या खांद्याची हाडं हाताला लागली. ती केव्हा इतकी वाळली, मी रोज बघत असूनही मला कळलं नव्हतं.

सोमवारी चौथ्या तासाला मी जिना चढले. हातात कोऱ्या चतकोरांचा गठ्ठा होता, तो असतोच. मुलगी मधल्या टप्प्यावर बसली होती, गुडघ्यावर वही. मला बघून उठायला लागली, मी बस म्हटलं आणि तिच्या शेजारी पायरीवर टेकले, गुडघे करकरले. दाखव, म्हटलं. तिनं वही दिली. पानभर तेच गणित, एक छेद दोन अधिक एक छेद तीन. चुकीचं उत्तर, त्यावर एक आडवी रेघ, खाली परत, परत आडवी रेघ. कुठेही खोडलेलं नाही. मला मी खिडकीतून फेकलेला तो खोडरबर आठवला, पण मुलांपुढे असलं काही दाखवायचं नसतं. मी एक चतकोर घेतला, मधोमध दुमडला, हा अर्धा. दुसरा घेतला, तीन सारख्या भागांत दुमडला, हा एक तृतीयांश. आता हे दोन्ही तुकडे सारख्या मापाचे नाहीत, मग एकत्र कसे मोजणार, तूच सांग. तिनं कागद हातात घेतले, एकावर एक धरून उजेडात बघितले. मग हळूच म्हणाली, दोन्हीचे सारखे तुकडे करू या का, सहा सहा. कर, म्हटलं. किती वर्षांनी मी एकाच मुलासमोर बसले होते. ती जीभ दातात धरून घड्या घालत होती.

खालून पावलं आली. मामा. दोन पायऱ्या खालीच थांबले, माझ्याकडे न बघता कठड्याकडे बघून म्हणाले, आठवी क उघडी आहे, कुणीच नाही. मी मनात सगळी नावं फिरवली. इंग्रजीच्या बाई, चित्रकलेचे सर, विज्ञानाचे सर. त्यांना चिठ्ठी लिहायची, मामा जाणार, भांडणं होणार, तोवर तास संपणार. आणि जिचं नाव हात आपोआप लिहायचा, ती एव्हाना कुठल्याशा टेबलाशी फरशांची बिलं लावत असेल. या वेळी मी स्वतः जायचं ठरवलं. तेवढं तरी मी शिकले होते. मी भिंतीला धरून उठले, पदर सारखा केला.

"आलेच हं," मी मुलीला म्हटलं.

ती हो म्हणाली. अजिबात रागानं नाही. अर्धवट घडी घातलेला कागद तिनं वहीत ठेवला, वही मिटली. मी चार पायऱ्या उतरले होते तेव्हा मागून दप्तराची चेन ओढल्याचा आवाज आला.